मुलांच्या स्लीप अ‍ॅप्नियावर लेझर: अपॉइंटमेंट घेण्याआधी काय काय तपासायचं

मूल रात्री घोरतं, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो (झोपेत श्वास असा पुन्हा पुन्हा अडणं म्हणजेच स्लीप अ‍ॅप्निया), डॉक्टर टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडच्या, म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठींच्या, ऑपरेशनचं नाव काढतात आणि आईबाबांच्या पोटात गोळा येतो. मग त्याच रात्री मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि तिथे हमखास सापडतं ते लेझर. कापाकापी नाही, टाके नाहीत, भूल नाही, पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसायचं आणि घरी. कुणालाही मोह होईल असंच आहे ते.

माझं मत आधीच सांगून टाकते. लेझर चांगला की वाईट हा प्रश्नच नंतरचा आहे, आधी विचारायचं ते हे की मुलाचा श्वास नेमका कुठे अडतोय आणि हा प्रकाश तिथपर्यंत पोचतो का. बहुतेक मुलांच्या बाबतीत याचं उत्तर "नाही" येतं. पण ते उत्तर कुणाच्या सांगण्यावरून न घेता स्वतः कसं काढायचं ते खाली क्रमाने लिहिलंय.

पायरी 1: नक्की कुठला "लेझर" म्हणतायत ते विचारा

लेझर म्हटलं की एकच गोष्ट असेल असं वाटतं, पण या एका नावाखाली तीन-चार पूर्ण वेगळे प्रकार विकले जातात. म्हणून फोनवरच विचारायचं, मशीन कुठलं, वेव्हलेंग्थ किती आणि ते तोंडात नक्की कुठे मारणार.

सध्या घोरण्यासाठी सगळ्यात जास्त जाहिरात होते ती एर्बियम याग लेझरची. याची वेव्हलेंग्थ 2940 नॅनोमीटर. हा प्रकाश पाण्यात प्रचंड शोषला जातो, आणि तोंडातलं आवरण म्हणजे बरंचसं पाणीच, त्यामुळे सगळी ऊर्जा वरच्या वरच थांबते. मशीन कापायच्या मोडमध्ये न चालवता सौम्य पल्स देत चालवलं की मऊ टाळू, पडजीभ आणि आजूबाजूचा भाग गरम होतो, तिथलं कोलॅजन आकसतं आणि ढिला पडलेला टाळू थोडा ताठ होतो. टाळू कमी फडफडला की घोरण्याचा आवाज कमी, एवढीच यामागची कल्पना आहे. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन सेशन करतात आणि असर कायमचा नसतो, साधारण वर्षभरात परत करावं लागतं असं करणारेही सांगतात. यावरचे अभ्यास बहुतेक मोठ्या माणसांवरचे आहेत आणि त्यातही घोरण्यावरचे जास्त, अ‍ॅप्नियावरचे कमी.

दुसरा प्रकार कापणारा किंवा जाळणारा लेझर, उदाहरणार्थ 10600 नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर. याने पडजीभ आणि टाळूची कड कापून लहान करायची पद्धत 1990 च्या दशकात मोठ्या माणसांमध्ये बरीच चालली होती. ही सर्जरीच आहे, हत्यार फक्त प्रकाशाचं. पुढे 2017 मध्ये या पद्धतीवरच्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली तेव्हा दिसलं की जवळजवळ निम्म्या लोकांचा अ‍ॅप्निया उलट वाढला होता, कारण भाजलेल्या जागी व्रण धरतो आणि घसा आणखी अरुंद होऊ शकतो. तेव्हा "नॉन-सर्जिकल" म्हणून कुणी हे पुढे करत असेल तर उठून यायचं.

तिसरा लो लेव्हल किंवा थंड लेझर, ज्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. लाल ते निअर-इन्फ्रारेड (लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश, साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर, उष्णता जवळजवळ नाही. पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियावर परिणाम होऊन सूज कमी होते असं यामागचं गणित. हे थोतांड नाहीये बरं का, कॅन्सरच्या उपचारात तोंड येतं ते टाळायला हे आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये आहे. पण तोंडातल्या जखमेवर चालतं म्हणून अ‍ॅप्नियावरही चालेल असं होत नाही, आणि जाहिरातीत नेमकी हीच उडी मारलेली असते.

आणि एक गंमत, कोब्लेशनला पण बरेच जण "लेझरने टॉन्सिल काढलं" म्हणतात. त्यात लेझर नसतोच, रेडिओफ्रीक्वेन्सी आणि सलाइन वापरून टॉन्सिल काढतात, भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये. म्हणजे नातेवाइकांच्या मुलाचं "लेझरने झालं" हे ऐकलं असेल तर बहुधा हेच झालेलं असतं.

राहिला तो 10,000 लक्सचा ब्राइट लाइट लॅम्प, सकाळी समोर ठेवून बसतात तो. झोपेचं घड्याळ पुढेमागे झालं असेल त्यासाठी तो आहे, बंद पडणारा श्वास त्याने उघडत नाही.

पायरी 2: आजार आहे का ते आधी पक्कं करा

घोरणारं प्रत्येक मूल अ‍ॅप्नियाचं नसतं. सर्दीत चार दिवस घोरलं तर सोडून द्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, मधे शांतता आणि मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास, तोंड उघडं, मान मागे ताणून झोपणं, घामाने उशी ओली, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, सकाळी डोकं दुखणं, यातलं काही असेल तर मात्र लक्ष द्यायचं. मोठी माणसं अ‍ॅप्नियाने दिवसा पेंगतात, मुलं उलट जास्त उड्या मारतात, चिडचिड करतात, अभ्यासात लक्ष लागत नाही, त्यामुळे शाळेतून "फार चंचल आहे" अशी तक्रार येते आणि झोपेकडे कुणाचं लक्षच जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ न्या. व्हिडिओ कसा काढायचा हेही सांगते, कारण नुसता अंधार आणि घोरण्याचा आवाज असलेला व्हिडिओ फार कामाचा नसतो. पहाटेची वेळ निवडा, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि मुलांचा अ‍ॅप्निया त्याच झोपेत जास्त होतो. पांघरूण कमरेपर्यंत खाली करा, सदरा वर सरकवा, बारीक दिवा लावा आणि फोन अशा ठिकाणी टेकवा की चेहरा, छाती आणि पोट तिन्ही एका फ्रेममध्ये येईल. सलग दहा मिनिटं तरी काढा. मग बघताना छाती आणि पोटाकडे बघा: श्वास नीट चालू असताना दोन्ही एकत्र वर येतात. वाट बंद असेल तर पोट फुगतं आणि छाती आत ओढली जाते, हनुवटीखालचा खळगाही आत जातो, जोर लावणं चालू असतं पण नाकातोंडातून आवाज शून्य. मग एक गचका, मूल कूस बदलतं आणि परत घोरणं सुरू. हे ज्याने एकदा बघितलं त्याला डॉक्टर काय विचारतायत ते लगेच कळतं.

तरीही व्हिडिओने निदान होत नाही. त्यासाठी स्लीप स्टडी लागते, रात्रभर लॅबमध्ये झोपून. डोक्याला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला ऑक्सिमीटर. लहान मुलांच्या तो पायाच्या अंगठ्याला लावतात. प्रकाशाचा या आजारात पक्का उपयोग विचाराल तर तो इथे आहे: त्या क्लिपमधून 660 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि 940 च्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश कातडीतून आरपार जातो, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं आणि त्यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. मात्र नुसता घरचा ऑक्सिमीटर नॉर्मल आला म्हणून अ‍ॅप्निया नाही असं धरू नका, मुलांमध्ये ऑक्सिजन फार न पडता झोप मोडत राहते असंही होतं.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा शोधा, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा खूप कमी झाला त्याचा. मोठ्यांमध्ये 5 च्या खाली नॉर्मल धरतात, मुलांमध्ये 1 च्या वर गेला तरी तो नॉर्मल नाही. साधारणपणे 1 ते 5 सौम्य, 5 ते 10 मध्यम, 10 च्या वर तीव्र. मुलाच्या रिपोर्टवर कुणी "4 आहे, नॉर्मल आहे" म्हणालं तर त्यांनी मोठ्यांची पट्टी लावली आहे, दुसरीकडे दाखवा. आणि जे क्लिनिक स्लीप स्टडी न बघताच लेझरची तारीख देतं त्यांच्याबद्दल वेगळं काही लिहायची गरज नाही.

पायरी 3: अडथळा कुठे आहे

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

मोठ्या माणसात वजन, ढिला पडलेला टाळू, मागे पडणारी जीभ अशी कारणं जास्त असतात. साधारण 2 ते 8 वर्षांच्या मुलांमध्ये मुख्य कारण टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड, कारण त्या वयात घशाच्या मानाने ते मोठे असतात. टॉन्सिल तोंड उघडलं की दोन बाजूंना दिसतात. अ‍ॅडेनॉइड दिसत नाही, ते नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या बाजूला लपलेलं असतं आणि बघायला नाकातून बारीक दुर्बीण घालावी लागते किंवा बाजूने एक्स-रे काढतात.

आता एर्बियम लेझर आठवा. तो तोंडातून टाळूच्या खालच्या बाजूवर मारतात आणि त्याची उष्णता मिलिमीटरच्या काही हिश्शापर्यंतच जाते. टाळूच्या पलीकडे, नाकाच्या मागे बसलेल्या अ‍ॅडेनॉइडला याचा पत्ताही लागत नाही. मोठा टॉन्सिलही वरून गरम केल्याने वितळत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. मुलांमध्ये टाळू ढिला असणं हे मुख्य कारण फार क्वचित असतं, मग तो ताठ करून मिळणार काय?

म्हणून ईएनटी डॉक्टरांना सरळ विचारा, "अडथळा अ‍ॅडेनॉइडचा, टॉन्सिलचा, नाकाचा की जबड्याचा?" उत्तर कागदावर घ्या. अरुंद वरचा जबडा, मागे असलेला खालचा जबडा, डाऊन सिंड्रोम, स्नायूंचे आजार, जास्त वजन, प्रत्येकाची वाट वेगळी. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची तर लक्षणं असोत वा नसोत, चार वर्षांच्या आत स्लीप स्टडी करावी असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आरशासमोर मुलाला "आ" करायला लावून पडजीभ पण बघा. तिचं टोक दोन भागात फाटलेलं दिसलं तर आत लपलेला फटीचा टाळू असू शकतो. अशा मुलाच्या टाळूवर कुठलीही प्रक्रिया, आणि अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशनसुद्धा, करण्याआधी डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं, नाहीतर नंतर बोलणं नाकातून यायला लागतं.

पायरी 4: "आमच्या मुलाला फरक पडला" हे कसं वाचायचं

इथे एक अभ्यास माहीत असणं फार उपयोगी आहे. 2013 मध्ये चॅट नावाचा मोठा अभ्यास आला, 5 ते 9 वर्षांची 464 मुलं, अर्ध्यांचं टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडचं ऑपरेशन लवकर केलं आणि अर्ध्यांवर नुसतं लक्ष ठेवून थांबले. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची स्लीप स्टडी नॉर्मल झाली. आणि काहीच न केलेल्यांपैकी? 46 टक्के. झोपेत ऑक्सिजन फार वेळ पडलेला राहतो अशी मुलं यात नव्हती हे लक्षात ठेवा, पण तरीही, जवळजवळ निम्मी मुलं आपोआप सुधारली.

आता समजा या मुलांना कुणी मधल्या काळात लाल दिवा दाखवला असता तर निम्म्या आईबाबांनी शपथेवर सांगितलं असतं की दिव्याने बरं झालं, आणि ते खोटंही बोलत नसते. म्हणूनच आधी-नंतरचे व्हिडिओ आणि रिव्ह्यू यांवरून काही ठरवता येत नाही. लेझर न दिलेल्या मुलांशी तुलना केली का, आणि घोरणं मोजलं की एएचआय, हे दोन प्रश्न विचारायचे. घोरण्याचा आवाज गेला आणि अ‍ॅप्निया तसाच राहिला हे तर सगळ्यात वाईट, कारण घरच्यांना जागं करणारी खूणच गेली.

"मशीनला मान्यता आहे" हे पण तपासा. बऱ्याचदा ती मान्यता मऊ ऊतकांवर वापरण्यासाठी अशी ढोबळ असते. मुलांच्या अ‍ॅप्नियासाठी आहे का, असं स्पष्ट विचारा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 2012 च्या गाइडलाइनमध्ये ऑपरेशन आहे, सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन) आहे, वजन कमी करणं आहे, नाकातले स्टिरॉइड स्प्रे आहेत. लेझर नाही.

पायरी 5: ऑपरेशन नको असेल तर खरंच काय करता येतं

ऑपरेशनची भीती वाटणं अगदी रास्त आहे, आणि सौम्य अ‍ॅप्नियात थांबून बघायला जागाही असते. चॅटच्या आकड्यांवरून ते दिसतंच. फक्त "लेझर नाहीतर ऑपरेशन" असे दोनच रस्ते नाहीत.

सगळ्यात सोपं म्हणजे नाक. 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात घोरणाऱ्या मुलांना सहा आठवडे नाकात एकतर स्टिरॉइड स्प्रे दिला किंवा साधा सलाइन स्प्रे, आणि दोन्ही गटांत साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांची लक्षणं गेली. साधं मिठाचं पाणी! म्हणून डॉक्टरांना विचारून आधी हे सहा आठवडे नेमाने करून बघायला काय हरकत आहे. स्प्रे मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या भिंतीकडे, म्हणजे त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने थोडी तिरकी धरायची, नाहीतर घोळणा फुटतो.

मॉन्टेलुकास्टच्या (दमा-अ‍ॅलर्जीसाठी वापरतात त्या) गोळ्याही काही डॉक्टर देतात. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, त्यावर मूड आणि वागण्यातल्या बदलांबद्दल सगळ्यात कडक इशारा घातला, तेव्हा गोळी सुरू झाल्यावर मूल विचित्र वागायला लागलं, वाईट स्वप्नं पडायला लागली तर लगेच डॉक्टरांना कळवा.

वरचा जबडा अरुंद असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट टाळूला स्क्रू असलेली प्लेट लावून तो हळूहळू रुंद करतात. निवडक मुलांना याचा चांगला फायदा होतो, पण अरुंद जबडा नसताना नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवणं. ऑपरेशन जमण्यासारखं नसेल किंवा झाल्यावरही अ‍ॅप्निया उरला असेल तर सीपॅप: मास्क लावायला पहिले काही दिवस मूल रडतं, म्हणून दिवसा खेळता खेळता मास्कची सवय लावायची, आधी हातात, मग नाकाला, मग हवा चालू करून, मग झोपेत.

तीव्र अ‍ॅप्निया असेल आणि टॉन्सिल मोठे असतील तर मात्र प्रयोगांत महिने घालवू नका. उपचार न झालेल्या तीव्र अ‍ॅप्नियाचा भार हृदयावर, वाढीवर आणि शिकण्यावर पडतो.

पायरी 6: तरीही लेझरकडे जाणारच असाल तर

काही मोठी मुलं, टॉन्सिल आधीच काढलेले, जबडा ठीक, आणि डॉक्टरांच्या मते टाळूचाच भाग उरलाय, असं असू शकतं. अशा वेळी निदान हे बघा.

मूल स्थिर बसू शकतं का? टाळूला काही लागलं की उबळ येते, ती मोठ्यांनाही आवरत नाही. मूल हललं आणि लेझर चालू असेल तर भाजतं. आणि मूल स्थिर बसावं म्हणून कुणी "थोडं झोपेचं औषध देतो" म्हणालं तर थांबा, अ‍ॅप्निया असलेल्या मुलाला पूर्ण तयारी आणि भूलतज्ज्ञ नसताना गुंगीचं औषध देणं हे धोक्याचं काम आहे. "भूल लागत नाही" हाच तर मुळात फायदा सांगितला होता ना.

चष्मे. खोलीतल्या प्रत्येकाला, मुलाला आणि सोबत बसलेल्या पालकालाही, आणि ते त्याच वेव्हलेंग्थचे हवेत. चष्म्याच्या काडीवर किंवा काचेवर आकडे छापलेले असतात, ते वाचा. 2940 च्या मशीनला 810 चा चष्मा चालत नाही. साधा काळा गॉगल तर नाहीच.

ऑक्सिजन चालू असताना जवळ लेझर वापरला तर आग लागू शकते, त्यामुळे घशाजवळ लेझर वापरणारी टीम यासाठी तयार असावी लागते. झाल्यावर घशाला सूज येते आणि पहिल्या एक-दोन रात्री श्वास आधीपेक्षा जास्त अडू शकतो, म्हणून त्या रात्री मुलाजवळ झोपा. श्वासाला घर्रघर्र आवाज, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणं, ओठ निळसर, उठवूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर क्लिनिकला फोन लावत बसू नका, सरळ इमर्जन्सीला.

घरगुती लाल दिव्याचे मास्क आणि पेन मुलाच्या तोंडात घालू नका, अजिबात.

पायरी 7: नंतर मोजा

काहीही केलं, स्प्रे असो, प्लेट असो, ऑपरेशन असो वा लेझर, दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं. लक्षणं राहिली असतील किंवा सुरुवातीचा एएचआय जास्त होता तर परत स्लीप स्टडी. फक्त "आता घोरत नाही" यावर फाइल बंद करायची नाही. अ‍ॅडेनॉइड परत वाढू शकतं, वयात येताना वजन वाढलं की अ‍ॅप्निया परत येऊ शकतो.

सगळे रिपोर्ट फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा, कारण दाताचं असो, हाताचं असो, मुलाला कधीही भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना एएचआयचा आकडा आधी दाखवायचा असतो. अशी मुलं अफूवर्गीय वेदनाशामकांना जास्त संवेदनशील असतात. कोडीन तर 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर 18 वर्षांखाली कुणालाच नाही असं एफडीएने सांगितलेलं आहे. खोकल्याच्या काही सिरपमध्येही कोडीन असतं, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचूनच चमचा भरा.